‘पडद्यामागचा सूत्रधार’ हे बरोबर आहे का?

अनुस्वार: एका दिवाळी अंकाची मुद्रितं तपासतेय. मालिका लिहिणाऱ्या एका लेखकांची मुलाखत आहे आणि संपादकांनी मथळा दिलाय, ‘पडद्यामागचा सूत्रधार’. सोबत नेहमीचा फोटो: टेबल, हातात पेन, नजर खिडकीबाहेर. (मुलाखतीत ते स्वतःच सांगतात की निम्मे सीन रिक्षात बसून मोबाइलवर लिहितो. असो.) मथळा खटकतोय, पण का ते नेमकं सांगता येईना.

खडूफळा: खटकणारच! सूत्रधार पडद्यामागे असतो कुठे? संस्कृत नाटकात नांदी झाली की बोलायला उभा राहतो तो हाच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हाही सूत्रधार रंगमंचावरच राहून पदं म्हणत होता. पडद्यामागच्या जागेला खरा शब्द ‘नेपथ्य’. संस्कृत नाटकाच्या संहितेत कंसात ‘नेपथ्ये’ असं आलं की समजायचं, आवाज आतून येतोय. हिंदीत ‘नेपथ्य में’ म्हणजे अजूनही पडद्याआडच. आपण मात्र तो शब्द भिंती, दारं, सोफ्याला देऊन बसलो. आता ‘नेपथ्यातला माणूस’ म्हटलं तर लोकांना वाटेल, सेट लावणारा.

बित्तंबातमी: मी गुन्हे-वार्ताहर. आमच्याकडे ‘मुख्य सूत्रधार’ एक तर फरार असतो, नाही तर पोलीस कोठडीत. मराठी वाचकाच्या मनात तोच अर्थ पहिला उमटतो, त्या लेखकांना विचारून बघा.

खडूफळा: अगदी. बाहुल्यांच्या दोऱ्या हलवणारा, हे चित्र डोक्यात बसलंय, त्यामुळे तो लपलेलाच असणार असं आपण धरून चालतो. गंमत म्हणजे दूरदर्शनवर अस्सल सूत्रधार होऊन गेलाय. १९८४ ची ‘हम लोग’ आठवा. भाग संपला की अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलायचे. तो सूत्रधार, चांगला तोंडासमोर. मालिका लिहीत होते मनोहर श्याम जोशी, तेही ‘साप्ताहिक हिंदुस्तान’चे संपादक राहिलेले, म्हणजे नियतकालिकातलाच माणूस. ‘महाभारत’मध्ये सूत्रधार साक्षात ‘समय’, आणि संवाद राही मासूम रझांचे.

अनुस्वार: मग ‘सर्वेसर्वा’, ‘कर्ताकरविता’?

बित्तंबातमी: पहिला पक्षाचा अध्यक्ष, दुसरा परमेश्वर.

पानभर_संवाद: मालिकांचे संवाद लिहिते, म्हणून राहवलं नाही. तुम्ही सगळे एकाच माणसासाठी शब्द शोधताय, घोळ तिथेच आहे. अमेरिकेत ‘शोरनर’ म्हणतात. मालिका ज्याच्या डोक्यातून निघाली तोच बहुधा लेखकांची खोली, म्हणजे एकत्र बसून लिहिणारा चमू, चालवतो, अखेरचा शब्द त्याचा. तिथल्या नामवंत शोरनर शोंडा ऱ्हाइम्सचा चेहरा मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभतो तो त्यामुळे. आमच्या श्रेयनामावलीत बघा: कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, कुठे ‘कथाविस्तार’ वेगळा. वर चॅनेलची माणसं. मंगळवारी ट्रॅक बदलतो, बुधवारी सकाळी युनिट सीनची वाट बघत असतं आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजत आत्याबाईंचा टोमणा लिहीत असते. दोऱ्या कोणाच्या हातात? निदान माझ्या तरी नाहीत. पण मासिकाला एक चेहरा लागतो. बाई असली की ‘मालिकांची सम्राज्ञी’, पुरुष असला की ‘सूत्रधार’.

खडूफळा: बाई, ‘सम्राज्ञी’वर वेगळा धागा काढा, मी येतो. अनुस्वार, ते लेखक नेमकं काय लिहितात?

अनुस्वार: फक्त पटकथा.

पानभर_संवाद: मग ‘पटकथाकार’ छापा की! चांगला धडधाकट शब्द आहे.

अनुस्वार: संपादकांना फोन केला. म्हणाले, ‘पटकथाकार’ रुक्ष वाटतो, अंक खपायला हवा. शेवटी ‘रोज रात्री साडेसातला’ यावर तडजोड झाली, खाली बारीक अक्षरात ‘पटकथाकाराशी गप्पा’. फोटो मात्र तोच, पेनसकट.