सकाळी निघून रात्री घरी: तुमच्या घाटवाटा आणि धबधबे इथे सांगा

मृग बरसला की सह्याद्रीत शेकडो धबधबे सुरू होतात, आणि गर्दी मात्र त्यातल्या चार-पाच ठिकाणीच लोटते. म्हणून हा धागा. पहाटे निघून रात्रीपर्यंत घरी परतता येईल अशी तुमची वाट सांगा. नुसतं "भारी जागा आहे" नको. गाडी कुठून मिळते, वाट कुठे फसवते, ओढा कुठे आडवा येतो, गावात जेवणाची सोय होते का, आणि कधी अजिबात जाऊ नये, हे लिहा. वाचून कुणीतरी खरंच जाणार आहे. सुरुवात मी करते.

कल्याणहून, नाणेघाट

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज चढणारी एसटी पकडायची आणि वैशाखरे गाव मागे पडल्यावर घाटवाटेच्या फलकाजवळ उतरायचं. कंडक्टरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर गाडी पुढे निघून जाते. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आम्हा मैत्रिणींना वेगळी जीप करण्यापेक्षा हेच परवडतं. आधी झाडीतून बरीच सपाट चाल आहे, मग चढ, आणि शेवटी दगडी पायऱ्या. दोन-तीन तासांत गुहेत पोचतो.

या गुहेत घाईने फोटो काढून पुढे जाऊ नका. सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गायी, घोडे, कार्षापणं (त्या काळची नाणी) दिली, याची ती यादी. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. त्यांची पावलं तेवढी उरली आहेत, आणि वर कोरलेली नावं. भिजलेल्या अंगाने तिथे बसून ती पावलं बघताना मी दर वेळी गप्प होते.

नळीतून, म्हणजे कड्यातल्या अरुंद खिंडीतून, वर पठारावर आलं की मोठा दगडी रांजण दिसतो. जकात यात टाकत असं सांगतात. उलटा धबधबा इथलाच. कोकणातून येणारा वारा कड्यावर आदळून वर चढतो आणि खाली पडू पाहणारं पाणी परत वर उधळतो. वारा पडला की तो चारचौघांसारखा साधा धबधबा असतो, तेव्हा "काहीच दिसलं नाही" म्हणून नाराज होऊ नका. वारा असला तर मात्र कड्यापासून लांबच थांबा. पाणी उधळणारा वारा माणसालाही ढकलतो.

पुण्याहून, भाजे आणि लोहगड

लहान मुलं किंवा आईवडील बरोबर असतील तर मी हीच वाट सुचवेन. लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं. भाज्याची लेणी गावाच्या डोक्यावरच आहेत. चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्या अजून आहेत, त्या मुलांना मान वर करून दाखवा. तिथून लोहगडाला गाडीरस्ता आहेच, पण पायी जाण्यात मजा आहे. आई सत्तरीच्या पुढची, तरी गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चारही दरवाजे न थांबता ओलांडून गेली. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा मिळाला, त्यात लोहगड आहे, हे तिला वर सांगितलं तेव्हा तिने तटाच्या दगडाला हात लावून नमस्कार केला.

रविवारी जाऊ नका. पायऱ्यांवर माणसांची कोंडी होते आणि ओल्या पायरीवर एकाचा पाय घसरला तर मागच्या सगळ्यांना घेऊन जाईल. जमल्यास मधल्या वारी, पहिल्या लोकलने.

हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याहून

मी इथलाच, अकोले तालुक्यातला. पावसाळ्यात लोकांना घेऊन गडावर जातो. जागा सगळे सांगतीलच, मी ओढ्याबद्दल लिहितो.

लोक येतात तेव्हा कधी कधी ऊन पडलेलं असतं. म्हणतात, दादा आता तर पाऊस थांबला, उतरू का डोहात? पण ओढ्याला पाणी येतं ते वरच्या पठारावर पडलेल्या पावसाचं. वर कोसळत असेल आणि खाली तुमच्या डोक्यावर निळं आभाळ असेल, असं कितीदा तरी होतं. लोंढा येण्याआधी खुणा मिळतात. नितळ पाणी गढूळ व्हायला लागतं. पाला, काटक्या, फेस वाहून येतो. आवाज बदलतो, खळखळ जाऊन घरघर येते. आत्तापर्यंत कोरड्या असलेल्या दगडाची कड भिजायला लागते. यातली एक जरी खूण दिसली तरी ज्या काठाला आहात त्याच काठाला उंचावर चढून बसा. पलीकडे बॅग राहिली तर राहू द्या. हात धरून साखळी करून जाऊ म्हणणारे असतात, त्यांचं ऐकू नका. एकाचा पाय सुटला की साखळीच वाहून जाते. आमच्याकडचे ओढे जसे चटकन चढतात तसे उतरतातही. वरचा पाऊस थांबला की बहुतेक वेळा दोन-तीन तासांत वाट मोकळी होते. तेवढं थांबायची तयारी घरूनच करून या: कोरडं खाणं, बॅटरी, जाडसर प्लास्टिक.

कोकणकड्यावर धुकं असलं की कडा कुठे संपतो ते आम्हालाही दिसत नाही. तिथे आम्ही माणसांना पोटावर झोपवूनच पुढे सरकू देतो. जेवायचं असेल तर चढतानाच गावातल्या एखाद्या घरात सांगून जा, म्हणजे उतरल्यावर पिठलं आणि नागलीची भाकरी गरम मिळेल. आणि लावणीच्या दिवसात बांधावरून चाला, खाचरात पाय घालू नका. ते आमचं वर्षाचं अन्न आहे.

पुण्याहून पुन्हा

वरचं प्रत्येक वाक्य खरं आहे, दादा. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते सगळे एकमेकांना धरून प्रवाहाच्या मध्यावर उभे होते. तुम्ही लिहिलेल्या खुणा मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकते आहे.

गडहिंग्लजहून, आंबोली

आम्हाला आजऱ्यावरून आंबोली जवळ पडते. सगळी गर्दी घाटातल्या मुख्य धबधब्याखाली असते आणि तिथे गाणी लावून धिंगाणा चालतो. तिकडे आम्ही थांबतच नाही. कावळेसादला दरीतून वर येणारं पाणी अंगावर घ्यायचं आणि मग हिरण्यकेशीच्या उगमाला जायचं. गुहेतून पाणी बाहेर येतं, समोर महादेवाचं देऊळ आणि कुंड. या कुंडात एक छोटा मासा सापडला आणि २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नवी जात म्हणून नोंद केली. शिस्टुरा हिरण्यकेशी असं नदीचंच नाव त्याला दिलं. पुढच्याच वर्षी सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. कुंडात साबण, शाम्पू, निर्माल्य काही टाकू नका. एवढ्याशा पाण्यात त्या माशाचं सगळं जग आहे.

जळवांना घाबरू नका. मीठ जवळ ठेवा, ओढून काढू नका.

बीडहून, सौताडा

इथे सगळे सह्याद्रीचंच लिहितात, म्हणून मराठवाड्यातून मी लिहितो. पाटोदा तालुक्यात सौताड्याला विंचरणा नदी बालाघाटाच्या कड्यावरून खाली उडी घेते. दरीच्या तळाशी रामेश्वराचं देऊळ आहे, पायऱ्या उतरून जायचं. श्रावणात गर्दी असते, पण ती दर्शनाची. आमच्याकडे पाऊस बेभरवशाचा. एखाद्या वर्षी ऑगस्ट कोरडाच जातो आणि कड्यावर नुसता ओला पट्टा दिसतो. त्यामुळे चांगला पाऊस झाल्याची बातमी आली की शेतातली कामं बाजूला ठेवून गावंच्या गावं पाणी बघायला जातात. म्हातारी माणसं काठावर बसून नुसती बघत राहतात. पाणी पडताना बघणं हेच आमचं पर्यटन.

नाशिकहून

गुडघे कुरकुरणाऱ्यांसाठी: गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की सोमेश्वरला जा, गोदावरी खडकांवरून फेसाळत उतरते. परतताना रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलंय ते बघून या. पुराचं आमचं मोजमाप तेच.

बेळगावहून, दूधसागर

लोंड्याहून गोव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसा, कॅसलरॉकनंतर खिडकी सोडू नका. मांडवीचा हा धबधबा तीनशे मीटरहून उंच आहे आणि रेल्वेचा पूल त्याच्या पोटातूनच जातो. तुषार डब्यात येतात. रुळांवरून चालत जायला रेल्वेची बंदी आहे आणि ती योग्यच आहे. बोगद्यात गाडी आली तर अंग चोरायला जागा नसते. जवळून पाहायचा असेल तर पावसाळा संपल्यावर कुळ्याहून जीप सुरू होतात, तेव्हा जा. पाणी तेव्हाही भरपूर असतं.

बदलापूरहून

एक विचारायचं होतं. खांडसहून भीमाशंकर एका दिवसात होईल का? शिडी घाट की गणेश घाट? बरोबर बारावीतला भाचा आहे.

कल्याणहून

होईल, पण पावसात गणेश घाटानेच. लांब पडतो, तरी वाट मळलेली आहे. शिडी घाटातले कातळ आणि शिड्या ओल्या असताना भाच्याला तिकडे नेऊ नका, तो कोरड्या दिवसांसाठी ठेवा. सकाळी सातच्या आत खांडस सोडा. वर पोचायला दुपार उलटली तर त्याच वाटेने उतरायचा हट्ट करू नका, रानात अंधार लवकर होतो. वरून मंचरमार्गे पुण्याची एसटी मिळते, तिने पुण्याला जाऊन रेल्वेने परत या. शेवटच्या गाडीची वेळ आदल्या दिवशी डेपोत फोन करून विचारा.