हुडाच्या जुन्या जीपसाठी घरी करता येण्याजोगी चोरीरोधक व्यवस्था

माचीवाला यांचा प्रश्न

मंडळी, नमस्कार.

माझ्याकडे महिंद्राची जुनी एमएम ५४० आहे. डिझेल इंजिन, कॅनव्हासचे हुड, दरवाजेही कॅनव्हासचेच आणि फोर-व्हील ड्राइव्ह उत्तम चालू स्थितीत. किल्ली आहे, पण ती असून नसल्यासारखीच, कारण डॅशबोर्डखाली हात घातला की स्विचच्या सगळ्या वायरी हाताला लागतात आणि स्टिअरिंग लॉक तर या गाडीला कधी नव्हतेच. सोसायटीत छपराखाली जागा नसल्यामुळे जीप रात्री रस्त्याच्या कडेला उभी असते. सुटीच्या दिवशी ती पाचनईत किंवा खिरेश्वरात सोडून आम्ही हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जातो, तेव्हा ती रात्रभर कोणाच्याही नजरेआड असते. धक्क्याने वाजणारे तयार अलार्म या गाडीवर निरुपयोगी ठरतात, कारण वाऱ्याने हुड फडफडले तरी ते वाजू लागतात आणि काही दिवसांत शेजारीपाजारी त्या आवाजाकडे लक्ष देईनासे होतात.

वेल्डिंग आणि साधे वायरिंग मला घरी करता येते. बॅटरीच्या निगेटिव्ह वायरवर काढून नेता येईल असा कट-ऑफ स्विच बसवावा आणि डिझेलच्या नळीत एक कॉक लपवावा, असा माझा विचार आहे. एका मित्राने दाराच्या लोखंडी दांड्याला इग्निशन कॉइलचा झटका जोडण्याचे सुचवले आहे. यांपैकी काय करावे, काय करू नये आणि सुरुवात कोठून करावी, याविषयी अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

गिअरतेल यांचे उत्तर

माचीवाला साहेब, सुरुवात बॉनेटपासून करावी. आपल्या जीपचे बॉनेट दोन्ही बाजूंच्या आकड्यांवर बसते आणि ते आकडे बाहेरून, कोणत्याही किल्लीशिवाय उघडतात. जोपर्यंत बॉनेट उघडे आहे तोपर्यंत त्याच्याखाली लपवलेला प्रत्येक स्विच आणि प्रत्येक कॉक चोराला सापडण्यासारखाच आहे. प्रत्येक आकड्याशेजारी ५ मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा कडी-कोयंडा बसवून घ्या. कोयंड्याचे बोल्ट मात्र आतून, म्हणजे बॉनेट उघडल्याशिवाय पाना लागणार नाही असे असावेत. अनेक गाड्यांवर महागडे कुलूप आणि त्याला धरणारे दोन बोल्ट बाहेरून सरळ दिसणारे, असा विनोदी प्रकार पाहायला मिळतो.

त्यानंतर आपल्या डिझेल पंपाकडे पाहा. काही पंपांवर विजेवर चालणारा स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे वीज तुटली की डिझेल रोखणारा विद्युतचुंबकी खटका असतो, तर काहींवर डॅशबोर्डवरच्या मुठीने ओढायची केबल असते. आपल्या पंपावर यांपैकी काय आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. केबल असेल तर हे नीट लक्षात घ्या, की एकदा सुरू झालेल्या अशा इंजिनाला विजेची गरजच उरत नाही. बॅटरी तोडलेली असली तरी जीप उतारावर असेल आणि चोर धक्का देऊन गिअरमध्ये सोडेल, तर इंजिन सुरू होईल आणि सुरूच राहील. त्यामुळे केवळ बॅटरीवर भिस्त ठेवणे डिझेल जीपच्या बाबतीत पुरेसे नाही.

केबलच्या गाडीसाठी मला सर्वांत आवडणारा उपाय अगदी साधा आहे. मूठ पूर्ण बाहेर ओढली की तिच्यामागे केबलची जी सळई उघडी पडते, तिच्यावर दोन अर्ध्या भागांचा लोखंडी कॉलर बसवायचा आणि त्याला कुलूप लावायचे. मूठ आत जात नाही, पंपाचा लिव्हर ‘बंद’ स्थितीतच राहतो आणि सेल्फ कितीही मारला तरी इंजिन पकडत नाही. कॉलरची लांबी उघड्या सळईइतकीच ठेवावी. ती कमी पडली तर मूठ थोडी आत सरकते आणि तेवढे डिझेल इंजिनाला पुरते. सळईवर कॉलर सैल फिरला तरी चालेल, पण तो घट्ट आवळू नये, नाहीतर सळई वाकून केबल अडकू लागेल. अर्थात बॉनेट उघडले तर चोर पंपाजवळची केबलच सोडवेल, म्हणून ते काम आधी सांगितले.

डिझेलच्या नळीतील कॉकबाबत माझे मत प्रतिकूल आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंतचा) भाग ओढीचा असल्याने तेथील जोड जरासा सैल झाला तरी बाहेर थेंबही गळत नाही. उलट हवा आत खेचली जाते. मग एके दिवशी माळशेजच्या चढावर इंजिन झटके खाऊ लागते आणि दोष कोठे आहे हे शोधण्यात दिवस जातो. शिवाय कॉक बंद असतानाही फिल्टरमध्ये आणि पंपात शिल्लक असलेल्या डिझेलवर गाडी सुरू होऊन काही अंतर जाते, नंतर बंद पडते आणि चोर ती तशीच टाकून गेला तरी सिस्टिममधील हवा काढण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

आता या जातीच्या गाडीचा खास फायदा. आपल्याकडे ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची शक्ती पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी पेटी आहे आणि तिला न्यूट्रल आहे. तिचा दांडा न्यूट्रलमध्ये ठेवून जागीच कुलूपबंद केला, तर इंजिन सुरू करून कोणताही गिअर टाकला तरी चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दोन्ही प्रोपेलर शाफ्टपर्यंत ती पोहोचतच नाही. जमिनीच्या पत्र्याला आतून बोल्ट केलेली एक मजबूत उभी पट्टी, तिच्यात दांडा बसेल अशी खाच आणि खाचेवर आडवी कडी, एवढेच काम आहे. दांडा तळाशी धरावा. वरच्या टोकाला धरला तर तो वाकवून बाजूला करता येतो. मात्र याची एक बाजू अशी, की न्यूट्रलमध्ये गाडी गिअरवर उभी राहत नाही, ती केवळ हँडब्रेकवर राहते. म्हणून हँडब्रेक चोख असावा आणि उतारावर चाकाखाली दगड लावावाच. शिवाय चाके मोकळी असल्याने दोरीने ओढून नेणे सोपे होते. त्यासाठी मागच्या चाकाच्या रिममधून चॅसिसला घेतलेली, कठीण पोलादाची साखळी उपयोगी पडते.

बारा व्होल्ट यांचे उत्तर

वरील मताशी मी सहमत आहे. विद्युत बाजूपुरते थोडे लिहितो.

बॅटरीचा कट-ऑफ बसवायला हरकत नाही, पण तो स्वस्तातला घेऊ नका. डिझेल इंजिनाचा सेल्फ फिरताना काही शे अँपिअर प्रवाह ओढतो. हलक्या स्विचचे संपर्क तापतात, सेल्फ मंद फिरतो आणि माणूस बॅटरी बदलत बसतो. इंजिन चालू असताना तो स्विच कधीही फिरवू नये, कारण बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळतो आणि त्याचे डायोड जातात. नव्या लोकांना हे कोणी सांगत नाही.

लपवलेल्या स्विचसाठी सेल्फची जाड वायर केबिनमध्ये आणू नका. सेल्फच्या सोलेनॉइडला जाणाऱ्या ट्रिगर वायरमध्ये ४० अँपिअरचा साधा चार पायांचा रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा विद्युत स्विच) टाका. ३० आणि ८७ हे पाय ट्रिगर वायरच्या मधोमध येतील, ८६ ला किल्लीचा पुरवठा मिळेल आणि ८५ लपवलेल्या स्विचमधून अर्थला जाईल. रिलेच्या कॉइलला अर्धा अँपिअरही लागत नाही, त्यामुळे तो स्विच आणि त्याची वायर अगदी बारीक असली तरी चालते आणि ती मूळ वायरिंगच्या गुंडाळ्यात त्याच रंगाची करून मिसळून टाकता येते. नवी चकचकीत लाल वायर आणि तिच्यावर निळी टेप म्हणजे चोराला दिलेले निमंत्रणच होय.

सेल्फच्या वाटेत रिले टाकण्याचा दुसरा फायदा सुरक्षेचा आहे. रिले खराब झाला तर गाडी सुरू होणार नाही, इतकेच. चालती गाडी बंद पडणार नाही. स्टॉप सोलेनॉइडच्या किंवा पेट्रोल पंपाच्या वायरीत हाच रिले टाकला, तर तो खड्ड्यात हादरून सुटल्यास इंजिन घाटातील वळणावर बंद पडू शकते, आणि त्याबरोबर ब्रेकच्या बूस्टरची मदतही दोन-चार दाबांनंतर संपते. म्हणून इंधन तोडायचेच असेल तर मध्ये रिले न घालता पुरेशा अँपिअरचा, खटका घट्ट असलेला साधा टॉगल स्विच थेट वायरीत घालावा, आणि गुडघा किंवा सामान लागून तो फिरणार नाही अशी जागा निवडावी. इंजेक्शनच्या पेट्रोल मारुती जिप्सीला टाकीत विजेचा पंप असल्याने हाच उपाय तिला धक्का स्टार्टपासूनही वाचवतो. सोलेनॉइडच्या डिझेललाही तसेच.

शांतपणे सांगतो यांचे उत्तर

झटक्याची कल्पना कृपया सोडून द्यावी. इग्निशन कॉइलच्या दुय्यम बाजूला हजारो व्होल्ट तयार होतात, आणि दाराचा दांडा रात्री कोण धरेल हे आपल्या हातात नाही. पाचनईत जीपभोवती सर्वांत आधी जमतात ती गावातली लहान मुले. मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क कायद्याने दिलेला आहे, पण त्यासाठी गरजेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा तो देत नाही. मालक गडावर झोपलेला असताना आपोआप इजा करणाऱ्या सापळ्याचे समर्थन करणे अवघड जाईल. त्याच न्यायाने कर्कश सायरनही टाळावा, कारण केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११९ प्रमाणे अनेक सुरांचे किंवा कानठळ्या बसवणारे हॉर्न वाहनावर चालत नाहीत.

माचीवाला यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. झटका रद्द, कॉकही रद्द. पंप तपासला, केबलचाच आहे, त्यामुळे गिअरतेल यांचा कॉलर करून घेतो आणि सेल्फला रिले टाकतो. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. अशा घरगुती साधनांचा विम्यात काही उपयोग होतो का? आणि सिमकार्डाचे मॉड्यूल वापरून घरी केलेला ट्रॅकर जोडावा का?

बारा व्होल्ट यांचे उत्तर

विम्याचे आधी. पूर्वीच्या मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे विम्याच्या ठरीव दरपत्रकात, चोरीरोधक साधनासाठी ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर २.५ टक्के, कमाल ५०० रुपये सवलत होती, पण ते साधन पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने मान्य केलेले आणि त्याची बसवणूक प्रमाणित केलेली असावी लागे. आपल्या कॉलरला तशी सवलत मिळणार नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जुन्या जीपवर अनेकांचा केवळ थर्ड पार्टी विमा असतो आणि त्यात चोरीची भरपाई मुळातच नसते. आपली पॉलिसी कोणती आहे ते एकदा उघडून पाहा. चोरीसह विमा असेल तर मूळ किल्ल्यांचा जोड जपून ठेवा, दाव्याच्या वेळी दोन्ही मागतात. आणि वायरिंगमधला प्रत्येक नवा फाटा बॅटरीजवळच फ्यूजमधून घ्या, कारण घरगुती वायरिंगमुळे आग लागल्याचे दिसले तर दाव्यावर प्रश्न उभे राहतात.

ट्रॅकरबाबत इतकेच, की सिम८००एल हे स्वस्त मॉड्यूल केवळ टू-जीवर चालते, म्हणजे जिओचे सिम त्यात चालणारच नाही. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि सिग्नल पाठवताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढते. लहान कन्व्हर्टरवर ते पुन्हा पुन्हा रीसेट होते आणि लोक प्रोग्रॅममध्ये चूक शोधत राहतात. कायम चालू ठेवलेल्या ट्रॅकरने सरासरी ४० मिलिअँपिअर घेतले तरी दिवसाला जवळपास १ अँपिअर-तास खर्ची पडतो. ६० अँपिअर-तासांची बॅटरी जीप महिनाभर उभी राहिल्यास निम्मी रिकामी होईल. त्यात आपला कट-ऑफ स्विच फिरवलात की ट्रॅकरही मरेल, म्हणून त्याला वेगळी छोटी बॅटरी द्यावी लागेल. गडांच्या पायथ्याला रेंजचा भरवसा नसतोच. शहरातल्या रात्रींसाठी करावा, बाकी कुलपांवर विसंबावे.

गिअरतेल यांचे उत्तर

कुलपांचा विषय निघालाच आहे तर, कॉलर व ट्रान्सफरच्या दांड्यासाठी किमान १० मिलिमीटर जाडीच्या कठीण पोलादी कडीचे आणि पितळी अंगाचे कुलूप घ्यावे. पावसाळ्यात लोखंडी अंगाची कुलपे गंजून अडकतात आणि मग आपल्यालाच ग्राइंडर शोधत फिरावे लागते. आत तेल घालू नका, त्यात चिखलधूळ चिकटते; ग्रॅफाइटची भुकटी घाला. बॉनेटची दोन्ही आणि आतली दोन्ही अशी चारही कुलपे एकाच किल्लीची मिळतात का, हे दुकानात आवर्जून विचारा. पहाटे पावसात चार वेगवेगळ्या किल्ल्या चाचपाव्या लागल्या, तर आपणच आठवडाभरात एखादे कुलूप लावायचे सोडून द्याल.

सुटे चाक आणि जेरीकॅन यांचे वेगळे पाहावे लागेल. हुडाच्या जीपमधून पूर्ण गाडीपेक्षा तेच आधी जाते. स्टेपनीच्या एका नटाच्या जागी किल्लीचा लॉक नट बसवा आणि जेरीकॅनच्या चौकटीतून एक आडवी सळई घालून तिच्या टोकाला कुलूप लावा.

माचीवाला यांचा प्रतिसाद

पट्ट्या कापून ठेवल्या आहेत. दांड्याच्या खाचेसाठी ५ मिलिमीटर पुरेल, की ८ घ्यावी?

गिअरतेल यांचे उत्तर

८ घ्या. आणि जमिनीच्या पत्र्याखाली हाताच्या पंजाएवढी बॅकिंग प्लेट लावा, कारण या जीपचा पत्रा पट्टीपेक्षा आधी फाटेल. प्लेट लावण्यापूर्वी पत्र्याचा गंज घासून काढून रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) मारा.