प्रीमियम व्होडका म्हणजे उंची की नुसती महागडी?

लिंबूसोडा:
महाग आणि स्वस्त व्होडकांची तुलना मराठीत लिहायला घेतली आहे, चवीची आणि पैशाचीही. पहिल्याच परिच्छेदात गाडी अडली. 'प्रीमियम', 'बजेट', 'स्मूद' आणि 'व्हॅल्यू फॉर मनी' या चौघांचं काय करायचं? भाषांतराच्या यंत्राने 'गुळगुळीत अर्थसंकल्पीय व्होडका' असं काढून दिलं. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहायला माझी ना नाही, पण आपल्या बोलण्यातला शब्द असेल तर तोच हवा. वोडका की व्होडका, तेही सांगा.

जुनापेठकर:
व्हिस्की लिहिता तशी व्होडका लिहा. लिंग स्त्री. रम, जिन, बिअर, ब्रँडी, सगळ्याजणी मराठीत आल्या आणि 'दारू'चं लिंग घेऊन बसल्या. नपुंसक फक्त 'मद्य', आणि ते बहुतेक सरकारी कागदावरच.
मूळ सगळ्यांना ठाऊक असेल: स्लाव्ह भाषांतल्या 'वोदा'चं, म्हणजे पाण्याचं, हे लाडकं रूप. संस्कृत 'उदक' त्याच कुळातलं. पोलंडमध्ये हा शब्द १४०५च्या न्यायालयीन कागदपत्रांत सापडतो.
बाकी, 'प्रीमियम'ला 'उंची' असताना अडायचं काय कारण? उंची अत्तर, उंची वस्त्रं, उंची मद्य. 'बजेट'ला 'स्वस्त'. 'हलकी' मात्र लिहू नका. दारूच्या बाबतीत तिचे दोन अर्थ होतात, कमी प्रतीची आणि कमी कडक. वाचणारा नेमका नको तो अर्थ घेईल.

आसवनीवाला:
काका, 'उंची'वर माझी हरकत आहे. नोकरी डिस्टिलरीत झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
उंची वस्त्र म्हटलं की सूत वेगळं, वीण वेगळी. व्होडकात तसं किती वेगळं असतं ते बघा. मूळ माल म्हणजे ईएनए, एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल. मळीपासून काढा, तांदळापासून काढा, गव्हापासून काढा, उभ्या कॉलममधून, म्हणजे दारू गाळायच्या उंच नळकांड्यातून, तो ९६ टक्क्यांच्या आसपास शुद्ध होऊन निघतो. मग पाणी घालून तो ४०-४२ टक्क्यांवर आणायचा. म्हणजे बाटलीत निम्म्याहून जास्त पाणीच. उरलेल्यात जो काही फरक असतो तो एस्टर, ॲल्डिहाइड, फ्यूजेल तेल अशा किरकोळ अंशांचा. मळीचा स्पिरिट नीट शुद्ध झाला नसेल तर उग्र वास मागे राहतो, तोही यातलाच.
आमच्याकडे नमुना आला की त्यात पाणी घालून आधी वास घ्यायचे. मग परमँगनेटची चाचणी. थेंब टाकला की नमुना गुलाबी होतो, आणि तो गुलाबी रंग जितकी जास्त मिनिटं टिकेल तितका माल स्वच्छ. झटकन विटला तर अशुद्धी आहे. ही चाचणी बाटलीची किंमत विचारत नाही. भरवशाच्या कारखान्याचा स्वस्त माल तिच्यात आरामात पास होतो.
'पाच वेळा डिस्टिल केलेली' या लेबलावर फार जाऊ नका. कॉलममध्ये एकावर एक इतक्या प्लेटा असतात की एकाच फेरीत वाफ कितीतरी वेळा थंड होऊन परत उकळते. 'वेळा' कशा मोजायच्या हे ज्याचं त्याने ठरवायचं.

पणजीकर:
गोव्यात राहून एवढंच कळलं की किंमत बाटलीपेक्षा नकाशावर जास्त ठरते. पिण्याच्या दारूवर जीएसटी नाही, कर राज्याचा. तीच बाटली सावंतवाडीत वेगळ्या भावाची, पेडण्यात वेगळ्या. आयात मालावर अनेक वर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं. मग मुंबईच्या दुकानातली स्वीडिश बाटली 'उंची' झाली ती गव्हामुळे की कस्टममुळे?

जुनापेठकर:
मुद्दा मान्य. सरकारलाही शब्द किंमतीवरूनच सुचतात. जून २०२५च्या राज्याच्या निर्णयात १८० मिलीच्या किमान किमती ठरल्या: देशी ८० रुपये, नवं 'महाराष्ट्र मेड लिकर' १४८, 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य' २०५, आणि प्रीमियम विदेशी मद्य ३६०. भारतीय बनावटीचे विदेशी! यावर वेगळा धागा काढला पाहिजे. पण इथे प्रीमियम म्हणजे फक्त ३६०च्या वरची पायरी, चवीबद्दल चकार शब्द नाही. शेअरबाजारातही 'प्रीमियमला मिळतो' म्हणजे मूळ भावाच्या वर मिळतो. बँकवाल्यांचा 'अधिमूल्य' अर्थाने चोख आहे, पण 'अधिमूल्य व्होडका' कोण म्हणणार?

जर्सीतली वहिनी:
इकडे तर ही गोष्ट उघडच घडली. ग्रे गूज ही फ्रान्सची गव्हाची व्होडका १९९७मध्ये अमेरिकेत आणली ती मुद्दाम इतर आयात व्होडकांच्या जवळजवळ दुप्पट भावाने. लोकांनी भाव बघून चांगली मानली. २००४मध्ये बकार्डीने ती दोन अब्ज डॉलरहून जास्त देऊन विकत घेतली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सच्या मंडळींनी लेबलं झाकून व्होडका चाखल्या. त्यात स्वस्तातली स्मरनॉफ न सांगता घुसवली होती, आणि तीच पहिली आली. आमच्या 'हे' अजूनही पाहुण्यांसमोर ग्रे गूजच काढतात. पाहुण्यांच्या आधी बाटली चढते ती अशी.
आणि ॲब्सोल्युट ही स्वीडिश व्होडका इकडे मधल्या फळीतली. तिकडे तिचा केवढा मान!

लिंबूसोडा:
म्हणजे 'महागडी' लिहू आणि 'उंची' शब्दच गाळू?

आसवनीवाला:
गाळू नका, जपून वापरा. कोमट, नुसती, काचेच्या ग्लासात घ्या म्हणजे फरक कळतो. राईची पोलिश व्होडका जिभेला जराशी मिरमिरते, गव्हाची गोडसर वाटते, बटाट्याची तोंडात दाट लागते. बनवणाऱ्याने धान्याचा हा अंश मुद्दाम ठेवला असेल तर तिला खुशाल 'उंची' म्हणा. नुसती जड काच आणि कोरीव बूच असेल तर 'महागडी'. फ्रीझरमधून काढून प्यायलात तर थंडीने वास दबतो, द्रव दाट होतो, आणि दोघी बहिणी-बहिणी होतात. संत्र्याच्या रसात घातली तर विषयच संपला, तिथे जास्त पैसे टाकणं म्हणजे पैशावर उदक सोडणं. काकांची व्युत्पत्ती अशी कामी आली.
अजून एक. तुलना करताना लेबलावरचा टक्का बघा. इथल्या पुष्कळ बाटल्यांवर ४२.८ असतो, आयात बाटलीवर बहुधा ४०. हा ४२.८ आकडा इंग्रजांच्या प्रूफ मोजणीतून, म्हणजे दारू किती कडक हे मोजायच्या जुन्या पद्धतीतून आला: ५७.१ टक्के म्हणजे १०० प्रूफ, त्याच्या ७५ टक्के. '२५ यूपी' (अंडर प्रूफ, म्हणजे १०० प्रूफच्या २५ खाली) लिहितात ते हेच. इथली बाटली 'जास्त जाळते' असं म्हणणारे कधीकधी फक्त हा जास्तीचा अल्कोहोल चाखत असतात. पाणी घालून दोन्ही सारख्या करा, मग बोला.

पणजीकर:
'स्मूद'चं राहिलं. 'सौम्य' नको, त्याने टक्का कमी वाटतो. 'मुलायम' साडीला, 'मऊसूत' भाताला. बारमध्ये लोक काय म्हणतात? 'घशाला लागत नाही.' 'सुळकन उतरते.' 'ठसका नाही.'

जुनापेठकर:
यात गंमत आहे. व्होडकाची तारीफ मराठीत नकारानेच होते. वास नाही, लागत नाही, ठसका नाही. काजूच्या फेणीबद्दल कोणी असं बोलणार नाही, तिथे वास हीच ओळख. 'न्यूट्रल'ला 'बेचव' मात्र कदापि लिहू नका, ती शिवी आहे.
'व्हॅल्यू फॉर मनी'साठी तीन शब्द आहेत आणि तिघांचं काम वेगळं. 'स्वस्त' हे किंमतीबद्दल. 'परवडणारी' हे घेणाऱ्याच्या खिशाबद्दल. 'किफायतशीर' हे दिलेल्या पैशाच्या मानाने काय मिळालं त्याबद्दल. म्हणून महाग बाटलीही किफायतशीर असू शकते, आणि स्वस्त बाटली अजिबात नसू शकते. 'पैसा वसूल' त्याच अर्थाचा, पण जरा रंगात आलेला. पिऊन झाल्यावर लिहा.

लिंबूसोडा:
हे कसं वाटतं बघा:
'नुसती प्यायची असेल तर मधल्या भावाची धान्याची व्होडका सर्वांत किफायतशीर, ती लागत नाही आणि सुळकन उतरते. रसात किंवा सोड्यात घालायची असेल तर स्वस्तातली चालेल, फक्त झाकण उघडल्यावर उग्र वास यायला नको. महागड्या बाटल्यांपैकी ज्यांना धान्याची चव आहे त्याच उंची, बाकीच्या भेट द्यायला.'

जर्सीतली वहिनी:
शेवटचं वाक्य आमच्या घरी वाचून दाखवते.

जुनापेठकर:
छान. एकच दुरुस्ती. 'लागत नाही'च्या आधी 'घशाला' घाला. दारू 'लागत नाही' असं नुसतं लिहिलंत तर लोक समजतील की हिचं व्यसनच लागत नाही.