आशियाई कुस्ती १९५४ पासून की १९७९ पासून? तालमीच्या फलकाचा मजकूर तपासून हवा

कृष्णाकाठ (ता. वाळवा)

तालमीत मॅट टाकलंय, त्या हॉलच्या दारात ६ बाय ४ फुटांचा फलक लावायचाय. पेंटर रविवारी येणार. आत्तापर्यंत ठरलेला मजकूर असा:

"आशियाई अजिंक्यपद कुस्ती स्पर्धा १९५४ साली मनिला येथे सुरू झाली. १९६२ साली जकार्ता येथे आपल्या सांगली जिल्ह्याचे मारुती माने व गणपतराव आंदळकर यांनी ती जिंकली. पुढे सुशीलकुमार (२०१०, ६५ किलो), नवज्योत कौर (२०१८), सुनीलकुमार (२०२०) यांनी सुवर्ण मिळवले."

एक जण म्हणतो सुरुवात १९५४, दुसरा म्हणतो १९७९. खरं काय? आणि मातीत खेळणाऱ्या पोरांना मॅटवरचे गुण कळतील अशा दोन-तीन ओळी खाली टाकायच्यात, त्याही सुचवा.

---

लांग-लंगोट

दोघंही बरोबर आहेत, फक्त स्पर्धा वेगवेगळ्या आहेत. मनिला १९५४ आणि जकार्ता १९६२ म्हणजे आशियाई क्रीडा स्पर्धा, ज्याला आपण एशियाड म्हणतो. ती चार वर्षांतून एकदा होते आणि कुस्ती हा तिच्यातला एक खेळ. १९५१ च्या दिल्लीच्या पहिल्या एशियाडमध्ये कुस्ती नव्हतीच, ती १९५४ ला आली.

आशियाई अजिंक्यपद ही निव्वळ कुस्तीची स्पर्धा. पहिली १९७९ साली आपल्याच देशात, जालंधरला झाली. दुसरी १९८१ ला लाहोरला. या दोन्हींत फक्त फ्रीस्टाइल (पाय धरता येतात तो प्रकार) होती. ग्रीको-रोमन (फक्त कमरेच्या वरची पकड) १९८३ ला तेहरानमध्ये सुरू झाली आणि महिलांची कुस्ती १९९६ ला. म्हणजे "सुरुवात" एका ओळीत लिहिताच येत नाही, तीन वर्षं लिहावी लागतील. १९८७ ची स्पर्धा मुंबईत झाली होती, ती फलकावर घ्याच. आपल्याकडं ती कुणाला आठवत नाही.

माने (कवठेपिरान) आणि आंदळकर (पुनवत, शिराळा) यांची ओळ काढू नका, दुरुस्त करा. जकार्तात माने यांना फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. आंदळकरांचं बरोबर उलटं: ग्रीकोत सुवर्ण, फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. मातीतल्या मल्लांनी कमरेखाली हातसुद्धा न लावता येणाऱ्या प्रकारात पदकं काढली, हे "ती जिंकली" एवढ्यात उरकणं म्हणजे अन्याय आहे.

---

मिरज जंक्शन

सुशीलकुमारचं वजन चुकलंय. २०१० ला ६५ चा गटच नव्हता, ६६ होता. गट इतक्या वेळा बदललेत की आजचा तक्ता समोर ठेवून जुनं पदक लिहिलं की चूक ठरलेली. पुरुषांचे फ्रीस्टाइलचे गट देतो, ताडून बघा.

जालंधरच्या वेळी: ४८, ५२, ५७, ६२, ६८, ७४, ८२, ९०, १०० आणि त्यावरचा खुला.
१९९७ पासून आठ: ५४, ५८, ६३, ६९, ७६, ८५, ९७, १३०.
२००२ पासून सात: ५५, ६०, ६६, ७४, ८४, ९६, १२०.
२०१४ पासून आठ: ५७, ६१, ६५, ७०, ७४, ८६, ९७, १२५.
२०१८ पासून दहा: वरच्यात ७९ आणि ९२ वाढले.

यातलं ५७ बघा. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्य घेतलं ते ५७ किलोतच, आणि जालंधरलाही हा गट खालून तिसरा होता. आज तो सगळ्यांत हलका आहे. रवी दहियाची २०२०, २१ आणि २२ ची सलग तीन सुवर्णं या सर्वांत हलक्या गटातली. आपल्या राहुल आवारेचं उदाहरण तर फलकालाच घ्या: २०११ ला ताश्कंदमध्ये ५५ किलोत कांस्य, २०२० ला दिल्लीत ६१ किलोत कांस्य. वर्ष आणि वजन दोन्ही लिहिलं नाही तर वाचणाऱ्याला काही कळणार नाही.

---

कृष्णाकाठ

पदकांच्या ओळी वर्ष, गाव, प्रकार, वजन अशा करतो. नवज्योत आणि सुनील बरोबर आहेत का? आणि गुणांचं राहिलं.

---

लांग-लंगोट

दोन्ही बरोबर. नवज्योत: बिश्केक, ६५ किलो, या स्पर्धेत सुवर्ण घेणारी पहिली भारतीय महिला. सुनील: दिल्ली, ग्रीको-रोमन ८७ किलो. त्याच्याआधी ग्रीकोत सुवर्ण १९९३ ला पप्पू यादवचं, म्हणजे मध्ये २७ वर्षं कोरडी. ही दिल्लीची स्पर्धा खाशाबा जाधवांच्या नावाच्या सभागृहात झाली, सातारा-सांगलीच्या फलकावर ही ओळ शोभेल. फक्त त्या वर्षी करोनामुळं चीनचा संघ आला नव्हता, तेव्हा "सर्वोत्तम कामगिरी" वगैरे विशेषणं लावू नका.

---

हप्ता-भारंदाज

गुणांचं सांगतो. मातीत पाठ लागेपर्यंत कुस्ती संपत नाही, म्हणून खाली गेलेला मल्ल पोटावर घट्ट पडून दम घेतो. मॅटवर हीच सवय नडते. पट काढून, म्हणजे पाय धरून खाली पाडून, मागं जाऊन ताबा मिळवला की २ गुण. तिथंच कमरेला हात बांधून भारंदाज मारला, म्हणजे त्याला पाठीवरून पलटवलं, की प्रत्येक पलटीला २. ताबा २ आणि चार पलट्या ८, झाले १०. फ्रीस्टाइलमध्ये १० च्या फरकानं कुस्ती तिथंच संपते, चीत न होता. ग्रीकोत हा फरक ८ चा, म्हणजे तीन पलट्यांत खेळ खलास. पोटावर पडून वाचायचं तर कोपर बरगडीला चिकटवून, गुडघे फाकवून, कंबर मॅटला दाबून ठेवावी लागते. मातीत अंग रुतून जो आधार मिळतो तो इथं मिळत नाही.

दुसरी गोष्ट कडेची. नऊ मीटरच्या वर्तुळाबाहेर पाय गेला की समोरच्याला १ गुण. मैदानात मागं सरकत खडाखडी (उभ्यानं हातांची झटापट) चालते, इथं प्रत्येक वेळी किंमत मोजावी लागते.

फलकासाठी: "ताबा २, भारंदाज २, बाहेर ढकलणे १, उचलून फेकणे ४ किंवा ५. तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंद विश्रांती." जुने व्हिडिओ दाखवताना एवढं सांगा की २००५ ते २०१३ या काळात दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या असत, प्रत्येक फेरीचा निकाल वेगळा लागायचा आणि ताब्याला १ च गुण होता. नाहीतर पोरं गुणफलक बघून गोंधळतात.

---

मिरज जंक्शन

शेवटचं. फलकाखाली गावातल्या मल्लांची नावं घालणार असाल तर आधी प्रमाणपत्रं बघा. १७ वर्षांखालील, २० वर्षांखालील, २३ वर्षांखालील आशियाई स्पर्धा वेगळ्या आहेत, ऑलिंपिक पात्रतेची आशियाई फेरी वेगळी. सगळ्यांवर "आशियाई" असतंच. कागदावर वयोगट, प्रकार, वजन, गाव आणि वर्ष ही पाचही सापडली पाहिजेत. २०१४ च्या सप्टेंबरआधीचा कागद असेल तर जागतिक संघटनेचं नाव फिला दिसेल, नंतरच्यावर युनायटेड वर्ल्ड रेसलिंग.

आणि ६ बाय ४ मध्ये हे सगळं बसवायचं तर अक्षर इंचापेक्षा लहान करू नका, दहा फुटांवरून वाचता येत नाही. नियम वेगळ्या पाटीवर घ्या. ते परत बदलले की पूर्ण फलक रंगवायला लागणार नाही.