मिसुरीत टर्कीची शिकार: रजा पहिल्या आठवड्यात टाकू की तिसऱ्या?

नवशिका: मुक्काम अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, कोलंबिया शहराजवळ. रानटी टर्की, म्हणजे तो कोंबडीच्या जातीचा मोठा पक्षी, मारायला पहिल्यांदाच जाणार. ऑफिसातल्या मित्राच्या सासऱ्यांची साठ एकर जमीन आहे, ओढ्याकाठी ओकचं रान. हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला, उसनी बारा बोअरची छर्‍याची बंदूक मिळाली. शिकारीचा हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी उघडतो, एकवीस दिवस चालतो. माझी रजा चारच दिवस. सगळे म्हणतात पहिल्याच दिवशी जा. जाऊ का?

ओझार्ककाका: मी पण पहिल्या दिवशीच गेलो होतो. पावणेसहाला झाडावरून नर ओरडायला लागला, छातीत धडधड. मी मादीचा आवाज काढणारी लाकडी पेटी, बॉक्स कॉल, घासली की तो लगेच उत्तर द्यायचा. मग खाली उतरला, आणि पाच माद्या त्याला घेऊन उलट्या दिशेने चालत्या झाल्या. मी आठला घरी येऊन पोहे खाल्ले. साडेदहाला जमीनमालकाचा फोन, "तू बसला होतास त्याच झाडापुढे पिसारा फुलवून उभा आहे, एकटाच."

झालं काय, तर त्या माद्या अंडी घालायला निघून गेल्या होत्या. मादी साधारण रोज एक अंडं घालते, दहा-बारा झाली की चार आठवडे उबवत बसते. तोवर सकाळी नराभोवती गोतावळा असतो. घरात पंगत वाढलेली असताना वडापाव खायला बाहेर कोण पडेल? माद्या घरट्यावर बसल्या की तोच नर तुझ्या खोट्या हाकेला अर्ध्या रानातून धावत येतो.

म्हणून चारही दिवस तिसऱ्या आठवड्यात टाक, आणि आठला उठून येऊ नकोस. आदल्या संध्याकाळी घुबडासारखा आवाज काढ. नर कुठल्या झाडावर बसलाय ते तोच ओरडून सांगतो. तोटा एकच, तोवर पालवी दाट होते, लांबचं दिसत नाही. चाळीस यार्डांपलीकडे बार टाकायचा नाही, डोकं-मान स्पष्ट दिसली तरच. छर्रा चार नंबरपेक्षा मोठा चालत नाही.

अंगावर लाल, पांढरं, निळं काही नको, मोजेसुद्धा. नराचं डोकं त्याच रंगांचं असतं. खांद्यापेक्षा रुंद झाडाला पाठ टेकून बस. आवाजामागे दबा धरत जाऊ नकोस, तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचा असू शकतो.

रानजाई: विणीच्या हंगामात मारायचं? पटत नाही.

ओझार्ककाका: प्रश्न रास्त आहे. मारायचा तो नर. एक नर अनेक माद्यांना पुरतो, आणि एकदा मीलन झालं की मादी त्यावर कित्येक आठवडे फळलेली अंडी घालते. पण फार लवकर नर टिपले तर विणीला फटका बसतो ही शंका तज्ज्ञांनाही आहे. शेजारच्या टेनेसी राज्याने २०२३ पासून हंगाम दोन आठवडे पुढे ढकलला. मी उशिरा जातो त्याला हेही एक कारण.

कुकरवाली: तंगड्या टाकून देऊ नका! चिवट असतात, पण वाटण लावून कुकरला सात-आठ शिट्ट्या दिल्या की रस्सा गावठी कोंबडीच्या तोंडात मारेल. आणि मेमध्ये गोचीड सांभाळा, कपड्यांना आधीच परमेथ्रिन, म्हणजे गोचीड मारणारं औषध, मारून वाळवा. तिकडच्या लोन स्टार गोचिडीच्या चाव्याने काहींना मटणाची ॲलर्जी होते. आमच्या शेजाऱ्यांचं बोकड कायमचं बंद झालं.

नवशिका: मेची रजा टाकली. शेवटचं वाक्य बायकोला दाखवलेलं नाही.

कुकरवाली: टर्की चालते हो त्या ॲलर्जीत. तेवढं दाखवा.