मालिशवाली, पंचकर्म सहायक की थेरपिस्ट? पाटीवर काय लिहू?

गोदाकाठची_मावशी (पंचवटी, नाशिक)

नमस्कार. मी बाळ-बाळंतिणीची मालिश करते. येत्या चैत्रात 23 वर्षं होतील. सासूबाईंच्या हाताखाली शिकले, त्या गेल्यावर त्यांची घरं माझ्याकडे आली. सकाळी साडेसहाला पहिलं घर, साडेअकराला शेवटचं. मेरी, म्हसरूळ, दिंडोरी रोड, कधी गंगापूर रोडपर्यंत जाते. दुपारी एका वैद्यांच्या पंचकर्म केंद्रात अभ्यंग (तेलाची मालिश), पिंडस्वेद (औषधी पुरचुंडीचा शेक), शिरोधारेला (कपाळावर तेलाची धार) असते. हात तेच, पण सकाळी मला मालिशवाली म्हणतात आणि दुपारी थेरपिस्ट. मुलगी म्हणते, आई, पुढच्या खोलीत आपलंच सुरू कर, पाटी लाव. पाटीवर काय लिहायचं इथेच गाडी अडली आहे.

पण त्याआधी एक गोष्ट सांगते, कारण माझा खरा प्रश्न तिच्यात आहे.

गेल्या पावसाळ्यात एका घरी सिझेरियनची बाळंतीण होती, अकरावा दिवस. तेल कोमट करून डाव्या पोटरीवर हात ठेवला तर ती उजवीपेक्षा गरम लागली. कातडी ताणलेली, चमकत होती. वाटीतलं तेल बाजूला ठेवलं आणि दोरा मागितला. दोन्ही पोटऱ्या मोजल्या, डावीकडे दोन बोटं दोरा जास्त लागला. ती पोरगी म्हणाली, मावशी, कालपासून गोळा आल्यासारखं दुखतंय, जरा जोर लावून चोळा ना. मी हात लावला नाही. सासूबाईंचं सांगणं होतं, दोन्ही पाय सुजले तर विचार, एकच सुजला तर तेलाची वाटी झाक. घरच्यांना राग आला. पैसे पूर्ण घेता आणि पाय सोडता का, म्हणाले. मी म्हटलं पैसे नका देऊ, पण आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. सोनोग्राफीत पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. चोळली असती तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती, असं तिच्या नवऱ्याने डॉक्टरांकडून ऐकून मला सांगितलं. इंजेक्शनं झाली, आता बाई ठणठणीत आहे.

दुसऱ्या दिवशी डिंकाचे लाडू घेऊन तिला बघायला गेले. हॉस्पिटलच्या दारात कागद चिकटवलेला होता, ‘मालिशवाल्या बायकांना आत सोडू नये’. वॉचमनने ओळखलं. डबा खालीच देऊन आले.

तो कागद का लावला असेल हे मला समजतं. पण डिस्चार्ज कार्डावर गोळ्या लिहितात, टाके कधी काढायचे ते लिहितात, मालिशीची एक ओळ नसते. आणि घरी आल्यावर पहिल्याच सकाळी तेल तापतं. ती बाई कोणाच्या हातात जाणार आहे हे डॉक्टरांना माहीत असतं, तरी आमच्याशी कोणी बोलत नाही. कुठलं सर्टिफिकेट घेतलं म्हणजे बोलतील?

वैद्य_इंदिरानगर

ताई, दोरा लावून पोटरी मोजलीत, हे आमच्या इंटर्नना दाखवावं असं आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातल्या दिनचर्येच्या अध्यायात रोज अभ्यंग करावा, डोकं, कान आणि पाय यांना विशेष करावा, असं सांगितलं आहे. त्याला लागूनच कोणाला करू नये तेही आहे: कफ वाढलेला, नुकतीच शोधनक्रिया (शरीरशुद्धी) झालेला, अजीर्ण झालेला. म्हणजे ‘कधी नको’ हा भागही शास्त्रात तितकाच जुना आहे. लोक मात्र तेल चोळलं की पंचकर्म झालं म्हणतात. वमन (उलटी), विरेचन (जुलाब), बस्ती (एनिमा), नस्य (नाकात औषध), रक्तमोक्षण (रक्त काढणं) ही पाच कर्मं. अभ्यंग आणि वाफ ही त्यांच्या आधीची तयारी, पूर्वकर्म. केंद्रात त्याची जबाबदारी नोंदणीकृत वैद्याची असते. करणाऱ्या हातांची स्वतंत्र नोंदणी नाही. केसपेपरवर आम्ही तेलाचं नाव लिहितो, बला की महानारायण ते लिहितो, करणारीचं लिहीत नाही. तुमची पोस्ट वाचून हे फार खटकलं.

कौशल्य विकासाच्या योजनांत पंचकर्म टेक्निशियनचा अभ्यासक्रम आहे. स्पा थेरपिस्टचाही आहे, पण तो सौंदर्य आणि वेलनेसच्या खात्यात येतो. तुमच्या कामाला पहिला जवळचा. त्याने हात शिकलेला आहे एवढं सिद्ध होतं, रोग ओळखायचा किंवा उपचार करायचा अधिकार मिळत नाही. म्हणून पाटीवर ‘पारंपरिक बाळ-बाळंतीण मालिश’ असं सरळ लिहा. क्लिनिक, उपचार, रोगमुक्ती हे शब्द नकोत. विम्याचं कोणी सांगेल, तर 1 एप्रिल 2024 पासून आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने धरायला विमा नियामकाने कंपन्यांना सांगितलं आहे. ते मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचं. घरच्या मालिशीचं बिल त्यात बसत नाही.

फिजिओ_नाशिकरोड

मावशी, आमचा पेशा मालिशीतूनच निघाला हे आमच्यातलेही पुष्कळ विसरतात. 1894 साली लंडनमध्ये चार नर्सनी शिकलेल्या मालिशवाल्या बायकांची संस्था काढली. तेव्हा तिथे मालिशीच्या नावाखाली भलते धंदे चालतात अशी ओरड झाली होती आणि प्रामाणिक काम करणाऱ्यांना तोंड दाखवायची लाज वाटू लागली होती. त्यांनी परीक्षा ठेवली आणि नियम केला की डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कोणाला मालिश करायची नाही. आज ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टची जी संस्था आहे ती हीच. आपल्याकडे महाराष्ट्रात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या परिषदेचा कायदा 2002 चा, देशपातळीवरचा 2021 चा. तुम्ही आज मागताय ती डॉक्टरांची ओळ त्या चौघींनी पहिल्याच नियमात घातली होती.

पुराव्याचं म्हणाल तर, अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने 2017 साली नव्या कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी शेक, मालिश वगैरे करून बघा असं सांगितलं, पण मालिशीचा पुरावा कमकुवत आहे हेही लिहिलं. ब्रिटनची 2016 ची सूचना म्हणते, व्यायामासोबत असेल तरच. मी पेशंटला हेच सांगते, आराम मालिशीने पडेल, ताकद व्यायामानेच येईल. आणि बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला हलक्या हाताने सर्वांगाला मालिश करायला हरकत नाही असं म्हटलं आहे.

त्यातला ‘हलक्या हाताने’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. बाळाचे पाय धरून उलटं टांगणं, छाती पिळणं, नाकाकानात तेल सोडणं मी स्वतः पाहिलं आहे. दारावरचे कागद त्यामुळे लागतात. रागावू नका, तुमच्यासारख्या बाईला हे तोंडावर सांगता येतं म्हणून लिहिलं.

सिडको_ते_टोरांटो

इथे ओंटारियोत मसाज थेरपिस्ट हा नोंदणीकृत पेशा आहे, नियमन 1919 पासूनचं. कॉलेजचा डिप्लोमा, मग परीक्षा, तक्रार आली तर चौकशी. तरी सरकारी आरोग्य योजना मालिशीचे पैसे देत नाही, नोकरीतला खाजगी विमा देतो. पहिल्या भेटीत दोन पानी फॉर्म भरून घेतात: ऑपरेशन झालंय का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, पाय सुजलाय का. माझ्या आजीला मालिश करणाऱ्या बाई जुन्या सिडकोत हे सगळं तोंडी विचारायच्या.

अनुची_आई

मावशी, माझं सिझेरियन झालं तेव्हा घरी जाताना मी मॅडमना विचारलं, मालिश कधीपासून? त्यांनी कार्डाच्या मागे पेनाने लिहून दिलं: ‘हातपाय आठवड्याने, टाके सुकेपर्यंत पोट नाही, धुरी नको.’ विचारलं म्हणून लिहिलं. नाहीतर तेही राहिलं असतं. आमच्या मालिशवाल्या मावशींनी ते कार्ड तेलाच्या बाटलीमागे उभं करून ठेवलं होतं.

गोदाकाठची_मावशी

सगळ्यांचे आभार. नाशिकरोडच्या ताई, राग कशाला येईल? नाकाकानात तेल मीही सोडत होते. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका बालरोगतज्ज्ञांनी समोर बसवून समजावलं, ते तेल फुप्फुसात उतरू शकतं. त्या दिवसापासून बंद. ओवा-शेप्याची धुरी सोडायला मात्र वेळ लागला. मी नको म्हटलं तरी आज्या ऐकत नाहीत, मी गेल्यावर शेगडी पेटवतात.

वैद्यांनी सांगितला तोच मजकूर पाटीवर टाकणार. ‘थेरपिस्ट’ राहू दे, कोर्स झाल्यावर बघू. शॉप ॲक्टची नोंद मुलगी ऑनलाइन करते आहे, थोडीच माणसं असली की नुसतं कळवायचं असतं म्हणे.

आणि अनुची आई, तुमचं कार्ड डोक्यातून जात नाही. घरच्यांनीच डॉक्टरांकडून लिहून आणायचं, हे मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं. उद्या म्हसरूळला नवं घर धरायचं आहे, बारा दिवसांची बाळंतीण. संध्याकाळी फोन करून सांगितलं, कार्ड काढून ठेवा. मालिशीचं लिहिलेलं नसेल तर आधी डॉक्टरांना विचारून या, मी एक दिवस उशिरा सुरू करीन. दोऱ्याच्या जागी मुलीने तिची शिवणाची टेप पिशवीत टाकली आहे.