मेलबर्नची संक्रांत आणि पार्सलाची यादी

काकू (टिळकवाडी, बेळगाव): मेलबर्नचं पार्सल सोमवारी द्यायचंय. तिळाच्या वड्या, शेंगापोळ्या, हलव्याचे दागिने, सुगडं आणि कुंद्याचा एक डबा. अजून काय पाहिजे ते आजच सांगा.

दादा (ऑकलंड): काकू, कुंदा काढा. खव्या-दुधाची मिठाई भारतातून ऑस्ट्रेलियात जात नाही, इकडं न्यूझीलंडलाही नाही. जनावरांच्या लाळ्या-खुरकुताची त्यांना फार धास्ती. डबा सापडला की सरळ कचऱ्यात. घरी बांधलेल्या पुड्यांपेक्षा दुकानातलं, घटक छापलेलं पाकीट बरं. सुगडं चालतील, खरं माती चिकटलेली नको आणि भोवती गवत-काड्या कोंबू नका, कागदात गुंडाळा. आत हरभरे, गहू वगैरे अख्खं धान्य अजिबात नको. जे जाईल ते सगळं फॉर्मवर लिहा. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेलीवर दंड बसतो.

काका: मी म्हणतो, तिकडं आता कडक उन्हाळा, तीळ पडले उष्ण, आणि दिवस मोठा व्हायच्या ऐवजी लहान होतोय. मग जूनमध्येच करा की संक्रांत!

वैनी (मेलबर्न): तसं नाही काका. संक्रमण म्हणजे सूर्य मकर राशीत शिरतो तो क्षण, आणि तो साऱ्या जगात एकच. जानेवारीत इथं घड्याळ तुमच्यापुढं साडेपाच तास. तिकडं दुपारचे ३ म्हणजे इथं रात्रीचे साडेआठ. सूर्य उत्तरेकडं सरकतोय तो इथूनही तसाच. आपण दक्षिणेला असल्यामुळं २२ डिसेंबरनंतर दिवस आखडत जातो, एवढाच फरक. पुण्यकाळ मात्र स्थानिक सूर्यास्तावर ठरतो. इथला सूर्यास्त पावणेनऊच्या आसपास, म्हणून बेळगावचं कॅलेंडर बघून वेळ ठरवू नका, शहर निवडता येतं असं पंचांग बघा. हळदी-कुंकवाला दिवेलागणीची वाट बघत बसलात तर बायका जेवून झोपतील. ५ ते ७ ठेवा.

आत्या (शहापूर): बरं. खरं तीळगूळ तिथंच कर गे, पाठवलेला प्रवासातच घामेजतो. प्रमाण घे: पाव किलो तीळ, पाव किलो गूळ, १०० ग्रॅम भाजलेल्या शेंगांचं कूट, मूठभर सुकं खोबरं, २ चमचे तूप. तिथं मिळणारे पांढरेशुभ्र तीळ सालं काढलेले असतात, ते पटकन करपतात. मंद आचेवर हलवत राहा, तडतडले आणि रंग जरा पालटला की लगेच ताटात काढ. तापल्या कढईत ठेवलेस तर आचेशिवायही करपून कडू होतील.

आत्या (शहापूर): पाकाचं बघ. थेंब थंड पाण्यात टाकला की मऊ गोळी व्हायला पाहिजे, म्हणजे वडी खुसखुशीत. थर्मामीटर असेल तर ११५ अंशांच्या आसपास. चिक्कीला मात्र थेंब काचेसारखा टक्कन मोडला पाहिजे, १४५च्या पुढं. मधेच कुठंतरी उतरवलास तर दाताला चिकटणारी चिवट चिक्की.

दादा (ऑकलंड): चिक्कीत हवा बघावी लागते. मेलबर्नचा उन्हाळा बहुतेक कोरडा, तिथं निभतं. ब्रिस्बेन आणि ऑकलंडला जानेवारीत दमटपणा असतो, गूळ हवेतलं पाणी ओढतो आणि चिक्की तासाभरात ओली. पूर्ण गार झाली की लगेच घट्ट डब्यात, थरामध्ये बटर पेपर. आणि फ्रिजमध्ये नको! बाहेर काढली की गार चिक्कीवर दव धरतं, मग सगळा एक गोळा.

काकू (टिळकवाडी): हलवा मेलबर्नात घरीच करू म्हणत होतीस ना?

आत्या (शहापूर): त्या हवेत काटा धरणार नाही. हलव्याला थंडी आणि कोरडी हवा दोन्ही पाहिजे. दागिने इथूनच जाऊ देत, साखर आणि तीळच तर आहेत. पाकिटावर तसं लिही.

मावशी (खानापूर): शेंगापोळीचं राहिलं. ३८ अंशात सारण मिक्सरमध्ये सलग फिरवलं तर शेंगांचं तेल सुटतं आणि पोळी फुटते. थांबत थांबत फिरव. २ वाट्या कूट, दीड वाटी किसलेला गूळ, २ चमचे तिळाचं कूट, वेलदोडा. गुळाचा खडा राहिला तर तव्यावर वितळून तिथूनच गळतो, म्हणून चाळून घे. सारण अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालतं, पारीची कणीक मात्र बाहेरच. दोन्ही सारखी मऊ पाहिजेत, नाहीतर सारण कडेपर्यंत पोचत नाही.

वैनी (मेलबर्न): भोगीचं मी बघितलंय. वांगी, गाजर ताजी मिळतात. पावटा आणि हिरवा हरभरा फ्रोजन. बोरं नाहीत. सुगडात जर्दाळू आणि चेरी घालेन, जानेवारीत तीच इथली फळं.

काका: सुगडात चेरी! चालू द्या.

मावशी (खानापूर): बाजरीच्या पिठाची तारीख बघ गे. दुकानातलं पीठ महिनोन्‌महिने जुनं असतं, त्यातली स्निग्धता खवट होते आणि भाकरी कडू. चिमूटभर जिभेवर ठेवून बघ. चांगलं मिळालं तर फ्रीझरमध्ये ठेव. भाकरी चिरत असेल तर उकळत्या पाण्यानं मळ. घरात तापत असेल तर अंगणातल्या गॅस बार्बेक्यूच्या तव्यावर झकास होते.

दादा (ऑकलंड): फ्लॅटमध्ये उदबत्ती-धूप स्मोक अलार्मपासून लांब, खिडकीशी. आणि धूर झाला म्हणून मेन दार उघडू नका! बऱ्याच बिल्डिंगांत कॉरिडॉरचा अलार्म थेट अग्निशमनला जोडलेला असतो. बंब विनाकारण आला की बिल येतं.

आत्या (शहापूर): काळी साडी सुतीच नेस. रेशमात उकडून निघशील.

वैनी (मेलबर्न): हो आत्या, शहापुरी आणलीय. गणपतीच्या दूर्वांचं काय करायचं? आत्ता सगळीकडं हिरव्यागार दिसतात.

दादा (ऑकलंड): म्हणूनच उन्हाळ्यातच लाव. आपली हराळी तिथं ‘काउच’ नावानं लॉनला लावतात, तीच दूर्वा. थंडीत ती झोपी जाते. मेलबर्नात ऑगस्ट-सप्टेंबरला लॉन तपकिरी आणि दूर्वा शोधून सापडत नाहीत. फेब्रुवारीत जमिनीवर सरपटणाऱ्या काडीचे २-३ पेरं असलेले तुकडे उथळ कुंडीत पुर, मे महिन्यात घरात उत्तरेच्या खिडकीत आण, थंडीतलं ऊन तिकडूनच येतं. जुलैअखेरीस वरून छाट, म्हणजे कोवळे तुरे फुटतील. किकुयू नावाचं गवत घेऊन येऊ नकोस, ते रुंद पात्याचं आणि लवदार असतं. बागेतल्या लॉनवरचं तर नकोच, तणनाशक मारलेलं असू शकतं.